चुंबळीवर बसवलेले घुमट : एका आरती मंडळाने घरच्या घरी केलेल्या पेट्यांचे प्रकरण

पार्श्वभूमी

उत्तर गोव्यातील एका गावात चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, दिवसांत घरोघर फिरून आरत्या म्हणणारे एक लहान मंडळ आहे. गावाचे आणि मंडळींचे नाव येथे मुद्दाम दिलेले नाही. मंडळात चौदा जण आहेत, त्यांपैकी निम्मे कॉलेजात शिकणारे. त्यांच्याकडे घुमट नावाची मातीची सहा वाद्ये, एक शामेळ (काठ्यांनी वाजवायचे तालवाद्य) आणि कासाळ्यांच्या, म्हणजे झांजांच्या, दोन जोड्या आहेत. मी या मंडळाचा सदस्य नाही. मी बरीच वर्षे शाळेत हस्तकला शिकवत होतो आणि मंडळाचे प्रमुख, ज्यांना सगळे बुवा म्हणतात, त्यांनी बोलावल्यामुळे घुमटांसाठी पेट्या करण्याच्या या कामात आलो. पुढचे टिपण त्या वेळी ठेवलेल्या वहीवरून लिहिले आहे.

घुमट ज्यांनी हातात घेतलेले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगणे आवश्यक आहे. हे भाजलेल्या मातीचे, दोन तोंडांचे वाद्य आहे. मोठ्या तोंडावर चामडे ताणून बसवलेले असते आणि दुसऱ्या बाजूला निमुळत्या मानेचे लहान तोंड उघडे असते. उजव्या हाताने चामड्यावर वाजवायचे आणि डाव्या हाताच्या तळव्याने लहान तोंड झाकत-उघडत नाद घडवायचा, अशी त्याची रीत आहे. पूर्वी यावर घोरपडीचे चामडे असे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे घोरपड संरक्षित असल्यामुळे आता बकऱ्याचे चामडे वापरतात. आरतीला, सुंवारीला (घुमट-शामेळाच्या समूहवादनाला) आणि मांडो-दुलपद या कोंकणी गीतप्रकारांनाही चालणाऱ्या या वाद्याला २०१९ साली गोव्याचे वारसा वाद्य म्हणून मान्यता मिळाली. मात्र त्याला नेण्या-आणण्यासाठी बाजारात तयार पेटी मिळत नाही. तबल्याच्या पिशवीत ते बसत नाही, कारण तबला सपाट बुडावर उभा राहतो आणि घुमटाला बूडच नाही.

अडचण

पेट्या करण्याच्या आदल्या वर्षी चवथीत मंडळाची दोन घुमटे फुटली. एक साध्या कापडी पिशवीत घालून स्कूटरच्या हुकाला अडकवले होते. रस्त्यावरच्या खड्ड्यात ते स्कूटरच्या पुढच्या भागावर आपटले आणि मानेपासून तुटले. दुसरे गाडीतून उतरताना दाराच्या कडेला लागले आणि त्याच्या काठाचा टवका उडाला. टवक्याजवळ चामडे सुटल्यामुळे तेही निकामी झाले. तिसऱ्याचे नुकसान वेगळ्या प्रकारचे होते. विसर्जनानंतर ते प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून कपाटावर ठेवले गेले आणि दसऱ्याला काढले तेव्हा चामड्यावर हिरवट बुरशीचे ठिपके उठलेले होते.

बुवांनी मला बोलावले ते पहिल्या दोन घटनांमुळे. तिसरी घटना त्यांनी जाता जाता सांगितली आणि मीही ती जाता जाताच ऐकली. या सगळ्या प्रकरणातली पहिली चूक मी तिथेच केली असे मला आज वाटते. धक्का आणि ओल अशा दोन गोष्टींपासून वाद्य राखायचे होते, आणि आम्ही पेटीचा विचार सुरू केला तो केवळ धक्क्याचा. गोव्यात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि चवथ भाद्रपदात, म्हणजे पावसाळा अजून सरलेला नसताना येते. घुमटाला सर्वांत जास्त काम नेमके ज्या दिवसांत असते, त्याच दिवसांत हवेतही खूप दमटपणा असतो.

मंडळाने खर्चाची मर्यादा स्पष्ट घालून दिली होती. एका पेटीमागे दोनशे रुपयांच्या वर जायचे नाही, आणि पेटी अशी हवी की बिघडली तर मुलांना घरच्या घरी दुरुस्त करता यावी.

तोललेले पर्याय

पहिला विचार लाकडी पेटीचा झाला आणि लगेच सोडला. प्लायवुडची पेटी वजनाने जड होते, तिच्यावर खर्च जास्त येतो आणि स्कूटरवर मागे बसलेल्या मुलाला ती मांडीवर धरून नेता येत नाही. थर्माकोल कोरून साचा करावा असे एकाने सुचवले. थर्माकोल धक्का चांगला झेलतो, पण एकदा जिथे दबला तिथे दबलेलाच राहतो आणि त्याचे दाणे सुटून लहान तोंडातून घुमटाच्या पोटात जातात. ते काढताना काय त्रास होतो हे मी एका माठाच्या बाबतीत अनुभवले आहे.

बांबूच्या टोपलीचा पर्याय मला मनापासून आवडला होता. टोपली हलकी असते, हवा खेळू देते, आणि आपल्याकडे मातीची भांडी बाजारात जातात तीही गवत घालून टोपलीतूनच. पण घुमटाच्या मापाची, झाकण असलेली टोपली मुद्दाम विणून घ्यावी लागणार होती आणि चवथीपूर्वी हाताला काम नसलेला कारागीर मिळणे कठीण होते. शिवाय पाऊस अडवायला तिच्यावर वेगळे आवरण लागले असते. मी तो पर्याय बाजूला ठेवला, टाकून दिला नाही.

उरले ते दोन पर्याय : जुन्या गोधडीची जाड पिशवी, किंवा रंगाची वीस लिटरची रिकामी बालदी. पिशवीला खर्च जवळजवळ शून्य. पण मऊ पिशवी धक्का पसरवते, अडवत नाही. मातीचे भांडे दाब पुष्कळ सोसते, मात्र ताण सोसत नाही. एका बिंदूवर ठोका बसला की त्याच्या पलीकडल्या बाजूला ताण पडतो आणि तिथून तडा जातो. म्हणून बाहेरून कडक कवच आणि आत लवचीक आधार अशी रचना हवी, असे माझे मत पडले. बालदी हे कवच आयते होते. रंगकाम करणाऱ्या एका ठेकेदाराकडून आम्हाला सहा बालद्या मिळाल्या. पाण्यात मिसळणाऱ्या रंगाच्या बालद्याच आम्ही घेतल्या, कारण ऑइल पेंटच्या बालदीतला टर्पेंटाइनचा वास कितीही धुतली तरी जात नाही आणि चामडे तो वास धरून ठेवते.

पहिली बनावट

बालदीचे आतले माप वर २९ सेंटिमीटर, तळाशी २५ आणि उंची ३६ सेंटिमीटर भरले. सहांपैकी चार घुमटांचे पोट २० ते २२ सेंटिमीटर रुंद आणि लांबी २६ ते २८ सेंटिमीटर होती. फुटलेल्यांच्या जागी आणलेली दोन घुमटे मोठी, २५ आणि २६ सेंटिमीटर पोटाची होती. हाताने घडवलेली दोन घुमटे एकसारखी नसतात, म्हणून प्रत्येकाचे माप वेगळे घेतले आणि बालदीवर त्या घुमटाची खूण केली. मोठ्या दोघांना बालदीत अस्तरासाठी जागा उरत नव्हती. नुसत्या प्लास्टिकमध्ये ती कोंबावीत असा आग्रह दोन मुलांनी धरला, तो मी मान्य केला नाही.

कडेच्या अस्तरासाठी फ्रिज आणि टीव्हीच्या खोक्यांतून येणारा पांढरा पातळ फोम वापरला. तो दुकानदार फुकट देतात आणि गादीच्या स्पंजसारखा पाणी पीत नाही. एक सेंटिमीटर जाडीचे दोन थर रबरी गोंदाने चिकटवले आणि गोंदाचा वास पूर्ण जाईपर्यंत बालद्या चार दिवस उघड्या ठेवल्या.

खरा प्रश्न तळाचा होता. घुमट चामडे वर करून ठेवायचे हे ठरले होते, कारण चामड्यावर वजन येता कामा नये. मग सगळा भार खाली मानेवर येतो, आणि मान हाच त्याचा सर्वांत नाजूक भाग. मी फोमचे जाड बूड करून त्यात मानेपुरता खड्डा कोरायच्या बेतात होतो. आम्ही एका मुलाच्या घरी पडवीत बसून हे करत असताना त्याची आजी बराच वेळ पाहत होती. ती आत गेली आणि जुन्या लुगड्याची एक चुंबळ, म्हणजे भांड्याखाली ठेवायचे कापडाचे गोल वेटोळे, घेऊन आली. "माठ ठेवत नाहीत रे बाळा, बसवतात," असे म्हणत तिने चुंबळ जमिनीवर टाकली, तिच्यावर घुमट बसवले आणि हात काढून घेतला. घुमटाचे पोट चुंबळीच्या कडेवर चहूबाजूंनी टेकले होते आणि मान मधल्या पोकळीत होती, कशालाही न लागता. तिने घुमटाला बोटाने हलकेच ढकलले. ते थोडे कलंडले आणि आपले आपण सरळ झाले.

त्यानंतर फोमच्या बुडाचा विषय कोणी काढला नाही. काथ्याच्या दोरीची वेटोळी करून, ती गोधडीच्या कापडात गुंडाळून प्रत्येकी तीन सेंटिमीटर उंचीच्या चुंबळी केल्या आणि प्रत्येक बालदीत एकावर एक तीन बसवल्या. पोटाखाली मानेची लांबी सात सेंटिमीटर होती, म्हणजे मान आणि बालदीचा तळ यांच्यात दोन सेंटिमीटर अंतर उरत होते.

परीक्षा

डिचोलीच्या एका कुंभाराकडून भाजताना बारीक तडा गेलेली, विक्रीस न चालणारी तीन घुमटे आम्ही मागून आणली. चांगले वाद्य पेटीत घालण्याआधी या टाकाऊ घुमटांवर पेटी आपटून पाहायची, असे ठरवले. मुलांना हा वेळेचा अपव्यय वाटला. मला मात्र या संपूर्ण प्रकरणातला सर्वांत योग्य निर्णय हाच वाटतो.

गुडघ्याच्या उंचीवरून, साधारण ४५ सेंटिमीटरवरून, बालदी अंगणातल्या सिमेंटवर तीनदा सरळ सोडली. घुमटाला काही झाले नाही. मग कमरेच्या उंचीवरून, सुमारे ९० सेंटिमीटरवरून सोडली. आवाज झाला तो बालदीचाच वाटला, पण झाकण उघडले तेव्हा मान तुटून तळाला पडलेली होती. काथ्या दबून घुमट दोन सेंटिमीटरहून जास्त खाली आले होते आणि मान तळावर आदळली होती. उपाय साधा होता : चौथी चुंबळ. त्यामुळे मानेखालचे अंतर पाच सेंटिमीटर झाले आणि वर चामडे व झाकण यांच्यात तीन सेंटिमीटर जागा तरीही राहिली. दुसऱ्या टाकाऊ घुमटाने कमरेच्या उंचीवरून दोन सरळ आघात सोसले.

तिसऱ्या वेळी बालदी जरा तिरकी पडली. झाकण उडाले आणि घुमट अंगणात गडगडत जाऊन तुळशीवृंदावनाच्या पायरीला लागून फुटले. या बालदीचे झाकण फक्त दाबून बसते आणि तिरक्या आघातात कवच किंचित वाकले की ते सुटते, हे आमच्या लक्षात आले नव्हते. मग खाटेची सुती निवार पट्टी आणून ती बालदीच्या बुडाखालून झाकणावर अधिक चिन्हासारखी आडवी-उभी घेतली आणि वर बकल लावले. तीच पट्टी खांद्यावर अडकवायला लांब ठेवली, कारण बालदीच्या तारेच्या कडीवर मला भरवसा नव्हता. तिसरे टाकाऊ घुमट या पट्टीसह तिरके पडूनही शाबूत राहिले.

ओल

गणपती बसायच्या तीन आठवडे आधी पेट्या मुलांच्या हाती दिल्या आणि सराव सुरू झाला. पाचव्या दिवशी बुवांचा फोन आला. एका बालदीच्या झाकणाखाली पाण्याचे थेंब जमले होते आणि चामडे ओल्या पापडासारखे सैल झाले होते. दुसऱ्या दोन बालद्यांत कुबट वास येत होता.

कारण शोधायला वेळ लागला नाही. दमट दिवसांत चामडे सैल पडते म्हणून वाजवण्याआधी मुले घुमट निखाऱ्याजवळ शेकत असत. सराव संपल्यावर ते ऊबदार घुमट, तळव्याच्या घामासकट, लगेच बालदीत जात असे आणि झाकण घट्ट बसत असे. बिनझिलईची भाजलेली माती आणि चामडे दोन्ही पाणी शोषून धरतात. आतली ऊबदार हवा ती वाफ उचलत होती, रात्री झाकण गार झाले की त्यावर थेंब धरत होते आणि ते थेंब थेट चामड्यावर पडत होते. पाऊस आत येऊ नये म्हणून निवडलेले घट्ट झाकण ओल बाहेरही जाऊ देत नव्हते. गोधडीच्या कापडात गुंडाळलेल्या चुंबळी तर चार दिवसांनंतरही हाताला ओलसर लागत होत्या.

येथे मंडळात खरा मतभेद झाला. मुलांचे म्हणणे, बालदीत सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्यात. सिलिका जेल स्वतःच्या वजनाच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याइतके पाणी शोषते, हे खरे आहे, आणि तापवून ते पुन्हा वापरता येते. पण चवथीच्या दिवसांत बालदी दिवसातून आठ-दहा वेळा उघडणार, दर वेळी नवी दमट हवा आत जाणार आणि पुडी पहिल्याच संध्याकाळी भरून जाणार. रोज रात्री पुड्या तापवत बसणारे कोणी मंडळात असेल, यावर माझा विश्वास नव्हता. बुवांचे म्हणणे, बालद्या सोडून द्याव्यात आणि पुन्हा कापडी पिशव्यांकडे वळावे. मागच्या वर्षी फुटलेली घुमटे त्यांना आठवत होती, पण मऊ चामड्यावर आरती म्हणणे त्यांना त्याहून अवघड वाटत होते. त्यांची बाजूही चुकीची नव्हती.

शेवटी तीन गोष्टी केल्या. झाकणाची कडा बालदीवर जिथे खाली उतरते, त्या कडेच्या आडोशाला सहा मिलिमीटरची आठ भोके ड्रिलने पाडली, बाहेरून आत वर चढत जाणारी, म्हणजे वाऱ्यासोबत आलेले पाणी आत शिरणार नाही. आतून त्यांवर मच्छरदाणीच्या जाळीचे तुकडे लावले. चुंबळींवरचे गोधडीचे कापड काढून टाकले आणि नुसता काथ्या निवारीच्या धाग्याने बांधला. काथ्या भिजतो, पण वाऱ्यावर लवकर सुकतो. तिसरी गोष्ट वस्तूची नव्हती, सवयीची होती : झाकण फक्त प्रवासात लावायचे. शेकलेले घुमट पूर्ण निवाल्याशिवाय बालदीत घालायचे नाही, आणि घरी किंवा यजमानाकडे पोहोचल्यावर झाकण काढून वर पातळ सुती फडके टाकायचे. प्रत्येक झाकणावर आतून तेलरंगाने "घरी उघडे" अशी दोन अक्षरी नव्हे, दोन शब्दी सूचना लिहिली.

भोकांनी किती फरक पडला आणि झाकण काढण्याने किती, हे वेगळे काढून पाहण्यासाठी आम्ही एक बालदी भोकांसह, पण झाकण बंद ठेवून रात्रभर तशीच राहू दिली. सकाळी थेंब नव्हते, वास थोडा होता. झाकण काढलेल्या बालदीत दोन्ही नव्हते. एका रात्रीच्या या तुलनेवरून फार मोठे अनुमान काढू नये, पण मुलांना पटायला ती पुरेशी ठरली.

मोठ्या दोन घुमटांसाठी वेळ संपत आला होता. त्यांना गोधडीच्या चार पदरी पिशव्या शिवल्या, तळाला काथ्याची एक चुंबळ टाके घालून पक्की केली आणि वरून फाटक्या छत्रीच्या कापडाचे सैल टोपडे केले. ही घुमटे स्कूटरवर न नेता गाडीतूनच, मांडीवर घेऊन न्यायची, असे बुवांनी बजावले.

निष्पत्ती

एका बालदीचा खर्च असा आला : बालदी पन्नास रुपये, काथ्या चाळीस, निवार साठ, बकल व गोंद मिळून तीस. एकूण एकशे ऐंशी. पिशव्यांना बकल नव्हते, त्यांना काथ्या आणि दोऱ्याचाच खर्च झाला.

चवथीच्या अकरा दिवसांत मंडळ चाळीसहून अधिक घरी गेले. प्रवासात एकही घुमट फुटले नाही. एक बालदी स्कूटरवरून उताराला खाली पडली आणि रस्त्याच्या कडेच्या गटारापर्यंत घरंगळत गेली, तिच्यातले घुमट त्याच संध्याकाळी वाजले. एक घुमट मात्र फुटले. यजमानांच्या घरी आरती संपल्यावर ते माटोळीखालच्या (गणपतीवर टांगलेल्या फळा-पानांच्या मांडणीखालच्या) पाटाच्या कडेला टेकवून ठेवले होते आणि एका लहान मुलाचा पाय लागला. ते पेटीबाहेर होते, कारण आम्हीच सांगितले होते की घरी पोहोचल्यावर झाकण काढा, आणि मंडळातल्या मुलाने झाकणासोबत घुमटही बाहेर काढून ठेवले. आमच्या सूचनेत "घुमट आतच राहू द्या" एवढे चार शब्द कमी होते. या नुकसानीची जबाबदारी मी माझ्यावर घेतो.

बुरशी एका चामड्यावर आली. ते घुमट ज्याच्याकडे होते त्याच्या घरी सुतक आल्यामुळे बालदी दोन दिवस झाकणासह तशीच राहिली होती. चामडे कोरड्या सुती फडक्याने पुसून सावलीत वाऱ्यावर ठेवल्यावर ते वाचले, नादातही फरक पडला नाही.

पुन्हा करायचे झाले तर

पहिला बदल क्रमाचा. ओल आणि धक्का यांचा विचार मी एकाच दिवशी, एकाच कागदावर केला असता, तर गोधडीच्या कापडाची चुंबळ आम्ही केलीच नसती आणि सरावाचे पाच दिवस वाचले असते. टाकाऊ घुमटांवर आघाताची परीक्षा घेतली, तशी एक ओली रात्र घालवून दमटपणाची परीक्षाही घ्यायला हवी होती. त्याला काहीच खर्च नव्हता.

दुसरा बदल झाकणाचा. मच्छरदाणीची जाळी लावलेले दुसरे, कापडी झाकण बालदीलाच बांधून ठेवता आले असते. मग घरी प्लास्टिकचे झाकण काढून कापडी चढवायचे आणि घुमट चुंबळीवर बसलेलेच राहील. बुवांच्या सुनेने यंदा अशी चार झाकणे इलॅस्टिक घालून शिवली आहेत. त्यांना जुन्या सुती साडीचा काठ लावला आहे, तो केवळ शोभेसाठी, पण त्यामुळे मुले ती झाकणे हौसेने वापरतात.

मोठ्या घुमटांसाठी मी बाजूला ठेवलेल्या टोपलीकडे परत गेलो आहे. कारागिराला आषाढात, त्याच्या हाताला फुरसत असताना, मापे दिली. टोपली विणून आली आहे. तिची विण पोटाच्या उंचीवर मुद्दाम दाट करून घेतली आहे आणि छत्रीच्या कापडाचे टोपडे तिच्या काठाला बांधता येते. शामेळाची सोय अजून झालेली नाही. त्याला उभे ठेवण्यासाठी चुंबळ मोठी लागते आणि आमच्याकडची कोणतीही बालदी त्याला पुरत नाही. आजी म्हणते, भात साठवायचे जुने पिंप कापून पाहा. पिंप मिळाले आहे, रविवारी कापायचे आहे.